पाचवीच्या पाट्यावरचा कागद

माझ्या पत्रकात कायद्याची एकही चूक नव्हती. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, पोराला कायदा कळलाच नव्हता. कळला होता. इंदापुरातल्या एका वकिलाच्या ओट्यावर आठ दिवस बसून मी घरझडतीची कलमं मराठीत उतरवून घेतली होती. वकील आतून बघायचे आणि म्हणायचे, "अरे, एवढ्यात तू सनद काढली असतीस." मला ते बोलणं आवडायचं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि सरकारला सरकारच्याच कायद्यानं पकडायचं, या कल्पनेनं मला झोप येत नव्हती.

पत्रकाचं नाव होतं 'घरझडती आली तर'. ते आम्ही कन्हेरीला एका कडब्याच्या गंजीआड लपवलेल्या यंत्रावर छापलं. कायदेभंगाची दुसरी फेरी चालू होती, सभा बंद, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप. त्याच यंत्रावर आठवड्याचं बेकायदा बातमीपत्र निघायचं आणि ते बारामती-इंदापूरच्या गावांतून मीच वाटायचो. कागद पुण्याहून यायचा. पिवळसर, पातळ, बोटांना थोडा खरखरीत लागणारा. तसला कागद बारामतीच्या दुकानात मिळत नसे.

पत्रकात मी लिहिलं होतं की दारात पोलीस आले तर घाबरू नका, हुकूम वाचून दाखवा म्हणा. आत शिरण्याआधी त्यांना खिसे रिकामे करायला लावा, म्हणजे ते स्वतः आणून काही टाकणार नाहीत. बायकांना बाजूला व्हायला वेळ मागा. गावातले दोन प्रतिष्ठित पंच असल्याशिवाय झडती घेऊ देऊ नका, आणि जप्त झालेल्या वस्तूंच्या यादीची नक्कल घेतल्याशिवाय त्यांना जाऊ देऊ नका. आणि सगळ्यांत शेवटी, मोठ्या अक्षरांत: 'पोलिसांच्या झडतीला जो पंच म्हणून उभा राहील तो गावाचा वैरी. त्याच्याशी विस्तव-पाणी बंद.'

माझा विचार असा होता की पंच मिळाले नाहीत म्हणजे झडती अडेल. फौजदार दारात उभा राहून राहून परत जाईल. हे मी गावोगाव पटवून दिलं. पिंपळीत तर मारुतीच्या पारावर ठरावच करून घेतला. ठराव झाला तेव्हा एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे टक लावून बघत बसले होते. त्यांना गाव तात्या म्हणे. भाऊबंदकीच्या वाटण्या, बांधाची भांडणं, सोयरिकी, सगळीकडे पंच म्हणून त्यांनाच बोलावणं असायचं. ते म्हणाले, "मास्तर, म्या जल्मभर पंचच हाय. मग म्या काय वैरी व्हय?"

पोरं हसली. मी म्हणालो, "तात्या, गावाच्या न्यायाचा पंच वेगळा आणि सरकारच्या झडतीचा पंच वेगळा."

"आसंल बाबा," ते म्हणाले. "तुमी शिकल्यालं." आणि त्यांनी हात वर केला.

मला सगळे मास्तर म्हणत. रात्रीची शाळा काढायला आलेला मास्तर, असं सांगून मी पिंपळीत एका मळ्यावर चार दिवस राहिलो होतो. घर माझ्याच वयाच्या एका शेतकऱ्याचं. कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि वांगी-मिरची. घरात त्याची आई, त्याची बायको, आणि बायकोला नुकताच झालेला मुलगा. आईला मी मावशी म्हणायचो. भाकरी थापता थापता ती माझ्याकडून पत्रक ऐकून पाठ करायची. वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलं की तिच्या ध्यानात राहायचं. "हुकूम, खिसं, बायका, पंच, यादी," ती पाच बोटांवर मोजायची आणि सहावं म्हणून माझ्यापुढं भाकरी टाकायची.

त्या घरच्या माणसांना चळवळीतलं काही नको होतं. मी त्यांच्याकडे राहत होतो तो केवळ तिच्या मुलाची आणि माझी बाजारात ओळख झाली म्हणून. माझ्या वळकटीत त्या पिवळसर कागदाचा गठ्ठा होता, हे त्याला ठाऊक होतं. "राहू द्या की," एवढंच तो म्हणाला होता.

मुलाच्या पाचव्या दिवशी दुपारी मावशी माझ्यापाशी आली.

"मास्तर, कोरा कागद हाय का?"

"कशाला?"

"कशाला म्हंजी? आज पाचवी न्हाय का. सटवाई येती पोराच्या कपाळी लिवायला. तिला कागद नगं?"

मी अशा गोष्टींवर तोंड सोडायला टपलेलाच असायचो. "तिला लिहिता येतं का, मावशी?"

"तुमच्यावानी न्हाय येत," ती म्हणाली. "पन ती लिवती ते कुनाला खोडता येत न्हाय."

मी हसलो आणि गठ्ठ्यातला वरचा कागद काढून दिला. माझा टाक आणि दौतही दिली. वर म्हणालो, "सटवाईला सांगा, उरलेल्या जागेत आमचं बातमीपत्र लिहून दे म्हणावं." बाळंतिणीच्या खोलीतून तिच्या सुनेचं हसू ऐकू आलं. त्या संध्याकाळी पाटा-वरवंटा मांडला, कणकेचे दिवे लावले, विळा ठेवला, कागदाला हळदकुंकू वाहिलं. मी गठ्ठा घेऊन कन्हेरीला गेलो, यंत्रापाशी ठेवला आणि पहाटे परत आलो. म्हणजे सापडण्यासारखं घरात काही उरलं नव्हतं. निदान मला तसं वाटलं.

सकाळी मी विहिरीवर तोंड धूत होतो. वस्तीच्या बाजूनं टांगा येताना दिसला, मागोमाग दोन शिपाई चालत. मी उसाच्या कडेकडेनं घरी पोचेपर्यंत फौजदार अंगणात उभा होता आणि आजूबाजूच्या मळ्यांवरची तीस-चाळीस माणसं जमली होती. मी त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. फौजदार बारामतीत नवा आलेला, मला ओळखत नव्हता.

मावशी उंबऱ्यात उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून. तिचा मुलगा तिच्या मागं.

"हुकूम हाय का?" ती म्हणाली.

फौजदारानं तिच्याकडे पाहिलं, मग खिशातून कागद काढून सावकाश वाचून दाखवला. बेकायदा बातमीपत्रकं आणि ती तयार करण्याचं साहित्य यांसाठी.

"खिसं दावा."

शिपाई हसायला लागले. फौजदार हसला नाही. त्यानं रुमाल, तपकिरीची डबी, शिटी, सगळं ओट्यावर मांडलं आणि शिपायांनाही तसंच करायला लावलं. तपकिरीच्या डबीकडे बघून मावशी म्हणाली, "ही आत न्हिऊ नगा, लेकराला शिंका येतील." सगळी माणसं हसली. मी पण हसलो. माझा ऊर भरून आला होता. एका अडाणी बाईनं फौजदाराला खिसे उलटे करायला लावले, आणि ते मी शिकवलं होतं.

"घरात बाळंतीण आहे म्हणता," फौजदार म्हणाला. "तिला बाजूला होऊ द्या. मी थांबतो."

इथं मावशी अडखळली. सहाव्या दिवशी बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. मी पत्रकात 'वेळ मागा' लिहिलं होतं, पण वेळ मिळाल्यावर तिनं पाच दिवसांचं मूल घेऊन जायचं कुठं, ते लिहिलं नव्हतं. "ती न्हाय हालायची," मावशी म्हणाली. "शिपायाला सांगा, भितीकडं त्वांड करून हुडक."

"बरं," फौजदार म्हणाला.

"आन पंच? गावचं दोन पंच पायजेत. कायदा हाय तसा."

"आहेच," फौजदार म्हणाला आणि आमच्याकडे वळला. "कोण येतं? पाटील गावात नाहीत. दोन माणसं पुढे या."

कुणी हाललं नाही. सगळ्यांची नजर तात्यांकडे गेली. तात्या दोन पावलं पुढं आले. मग थांबले, मान वळवली आणि माणसांतून नेमकं मला शोधून माझ्याकडे पाहिलं. ते विचारत होते, हे मला तेव्हाही कळलं. मी मान हलवली. नाही म्हणून.

"गावाचा ठराव हाय, सायेब," तात्या म्हणाले. "पंच व्हायचं न्हाय."

मावशीचे हात चौकटीवरून खाली आले. तिनं पंच मागितले होते आणि तिचा स्वतःचा गाव तिला पंच देत नव्हता. ही दोन्ही वाक्यं मीच लिहिली होती, एकाच कागदावर, चार बोटांच्या अंतरानं, आणि ती एकमेकांच्या मुळावर उठलीत हे मला तोवर दिसलं नव्हतं. त्या क्षणी दिसलं. पण एवढ्या माणसांसमोर मी माझा ठराव मोडायचा कसा?

फौजदाराची नजर फिरत माझ्यावर आली. पैरणीवरून, हातावरच्या शाईवरून त्याला कळलं असावं. "तुला लिहितावाचता येतं ना? तू ये."

"मी इथला नाही," मी म्हणालो.

हे खरं होतं. पंच त्याच ठिकाणचा रहिवासी हवा, हे कलमात आहे. माझ्या तोंडून निघालेलं ते वाक्य कायद्याला धरून होतं आणि मी आजवर बोललेल्यांत ते सगळ्यांत नीच आहे.

फौजदारानं खांदे उडवले. "गाव येत नसेल तर मला बसून राहता येत नाही. बारामती काही परदेश नव्हे." त्यानं टांगेवाल्याला आणि टांग्यात बसून राहिलेल्या एका माणसाला हाक मारली. हा दुसरा दारूच्या गुत्त्यावरचा नोकर आहे, पोलिसांचा ठरलेला पंच आहे, अशी कुजबुज झाली. दोघं उंबऱ्यापर्यंत आले. आत बाळंतिणीची सोयर, म्हणून टांगेवाला आत पाय टाकेना. दुसरा म्हणाला, "मी इथूनच बघतो." तो बिडी ओढत अंगणाकडे तोंड करून उभा राहिला.

शिपाई आत गेला. भांडी वाजली, मूल रडलं. थोड्या वेळानं तो बाहेर आला. त्याच्या हातात कागद, टाक आणि दौत होती. कागदावर कुंकवाची बोटं उठली होती.

फौजदारानं कोटातून आमच्या बातमीपत्राचा एक अंक काढला, उन्हात धरला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी चाचपून पाहिले.

"पाचवीचा हाय त्यो," मावशी म्हणाली. "सटवाईपुढचा."

"बाई, मलाही आई होती. पाचवी मला कळते. सटवाईला हा कागद कुणी दिला, एवढंच सांगा."

अंगणातल्या निम्म्या माणसांना ठाऊक होतं. एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही. न बघण्यासाठी सगळे कुठंतरी दुसरीकडेच बघत होते, कोंबड्यांकडे, टांग्याच्या घोड्याकडे.

मावशीचा मुलगा पुढं आला. "म्या आनला."

"कुठून?"

"बाजारातनं. बारामतीच्या."

"दुकान कुठलं?"

"ध्यानात न्हाय."

"हा कागद बारामतीत मिळत नाही," फौजदार म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुला लिहितावाचता येतं?"

"न्हाय."

"मग हा टाक कुणाचा?"

"माजाच."

कबूल झालेला माणूस हाती होता, फौजदारानं पुढं कुणाला विचारलं नाही आणि ओट्यावर बसून पंचनामा केला. गुत्त्यावरच्या नोकरानं वाचल्याशिवाय सही केली, टांगेवाल्यानं अंगठा उठवला. मावशीनं यादीची नक्कल मागितली. ती तिला मिळाली. मग ते तिच्या मुलाला टांग्यात घालून घेऊन गेले. जाताना त्यानं एकदाच मागं वळून सांगितलं, "वांग्याला पानी द्या." कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. मी त्याच्यापासून सहा-सात हातांवर उभा होतो.

मी तेव्हा पुढं का झालो नाही, याचं माझ्यापाशी तयार उत्तर होतं. यंत्र कुठं आहे ते मलाच माहीत होतं. मी पकडला गेलो असतो तर बातमीपत्र थांबलं असतं. आमच्या मंडळातल्या सगळ्यांनी मला हेच सांगितलं, पाठ थोपटली. उत्तर खोटं नव्हतं म्हणूनच त्याची जास्त घाण वाटते.

बारामतीच्या कचेरीत खटला उभा राहिला त्या दिवशी मी व्हरांड्यातल्या माणसांत होतो. मावशीच्या मुलानं मॅजिस्ट्रेटला सांगितलं की कागद पाट्यावर होता, पुढं दिवे होते, विळा होता, आमच्यात असं करतात. मॅजिस्ट्रेट इकडचे नव्हते. त्यांनी पंचनामा उलटसुलट पाहिला. त्यात पाटा नव्हता, दिवे नव्हते, विळा नव्हता. 'आतील खोलीत लेखनसाहित्य' एवढंच होतं. पंचांना विचारलं, तुम्ही पाटा पाहिला का? दोघं म्हणाले, नाही. आणि ते खरंच बोलत होते, कारण ते आत गेलेच नव्हते. कागदावरचे तांबडे डाग कसले, असं विचारल्यावर सरकारी वकील म्हणाले, शाईचे असावेत. चार महिने सक्तमजुरी झाली.

दोन महिन्यांनी मी पिंपळीला गेलो. आधी तात्यांकडे. ते गोठ्यात बैलाच्या पायाला चुना लावत होते. मला बघून उठले नाहीत.

"या मास्तर. शाळा काडली का?"

"तात्या, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"तुम्ही पंच झाला असतात तर पाटा लिहायला लावला असता."

"पाटा, दिवं, इळा, आन हळदकुक्कू समदं," ते म्हणाले. "आन त्या बिडीवाल्याला आत ढकालला आसता. सही करायच्या आदी म्या तासभर भांडलो आसतो. त्यापायी तर म्या फुडं आलतो." त्यांनी चुन्याचं बोट बैलाच्या पाठीला पुसलं. "तुमाला वाटलं, पंच म्हंजी सरकारचा मानूस. आवं, ज्याच्या घरात झडती, त्याचा मानूस आसतो पंच. येवडं आडान्याला कळतंय."

"मग तुम्ही माझं ऐकलंत कशाला?"

"हात वर केला व्हता न्हवं पारावर," ते म्हणाले. "मोडायला म्या काय पुढारी हाय?"

मी गोठ्यातून बाहेर पडलो.

तिथून मळ्यावर गेलो. मावशी मिरच्या खुडत होती. मला बघून ती घरात गेली आणि एक फडक्याची गाठ घेऊन बाहेर आली. गाठीत यादीची नक्कल होती.

"वाचून दावा," ती म्हणाली. "गावात वाचनारं हाईत, पन म्या कुनाला दिली न्हाय."

मी वाचलं. एक कागद, पिवळसर, तांबड्या डागांसह. एक टाक. एक दौत, शाईसह. मिळाल्याचं ठिकाण, आतील खोली.

"आन पाटा?"

"पाटा लिहिलेला नाही, मावशी."

"परत वाचा."

मी परत वाचलं. ती ऐकत राहिली, ओठ हलवत, पाठ करत. मग मी सांगितलं की कागद मी दिला होता, टाक माझा होता, आणि त्या दिवशी हे बोलायला हवं होतं ते मी.

"आमाला ठाऊक न्हाय व्हय?" ती म्हणाली. "कागद तर म्याच मागितला. तुमचं नाव घ्यायचं न्हाय आसं त्यानं डोळ्यानंच सांगितलं. पाव्हना व्हता तुमी."

आतून तिची सून बोलली. त्या घरात चार दिवस राहूनही मी तिचं फक्त हसूच ऐकलं होतं. "आत्याबाई, त्यास्नी सांगा, खोलीच्या झरोक्यातनं अंगन दिसतं. म्या पडल्या जागंवरनं बघत व्हते. समदी मानसं इकडं तिकडं बघत व्हती. ह्ये मास्तर येकलंच खाली बघत व्हतं."

मावशीनं तिला गप्प केलं नाही. मला म्हणाली, "जेवून जा." मी जेवलो. दोन भाकऱ्या खाल्ल्या, कारण ताटावरून उठणं हा आणखी एक अपमान झाला असता. मूल माझ्यापासून हातभर अंतरावर झोळीत झोपलं होतं. त्याचं बारसं बापावाचून झालं होतं. नाव काय ठेवलं ते मी विचारलं नाही.

मावशीचा मुलगा सुटून आला तेव्हा मी स्वतः येरवड्यात होतो. पुढं आणखी दोनदा आत जाऊन आलो. आता दिवस पालटलेत, आमच्यातलीच माणसं मंत्री झालीत, आणि झडतीचा कायदा आहे तसाच आहे. गेल्या महिन्यात दोन तरुण माझ्याकडे आले. त्यांना ते जुनं पत्रक परत छापायचं होतं. मी त्यांना सांगितलं, शेवटचं वाक्य काढा. का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

मावशीचा मुलगा मला एकदा दिसला. बारामतीच्या बाजारात, गुरुवारी. गाडीवरून वांग्यांच्या पाट्या उतरवत होता आणि गाडीच्या बैठकीवर सहा-सात वर्षांचा एक मुलगा पाय हलवत बसला होता. बापाची पाठ माझ्याकडे होती. मधे दोनच दुकानं. मी कागदाच्या दुकानापाशी थांबलो, काहीतरी विकत घेतोय असं केलं, आणि मागच्या बोळानं निघून गेलो.